पाठपुरावा पूर्ण

अर्ज गुरुवारी आला, आणि यायचा तिथंच आला, ताईच्या टेबलावर.

कान विभागाची नोंदणीची खोली लांबट, अंधारी. एका भिंतीला रजिस्टरांची दोन कपाटं, समोर खिडकी, मधे ताईचं टेबल आणि त्यावर फोन. चौदा वर्षं ओढून ओढून त्या फोनच्या वायरीची वेटोळी पार सरळ झाली होती. इस्पितळात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कानात दुसऱ्या दिवशी मशीनवाली एक मऊ रबरी बूच घालायची आणि बारीक टिकटिक सोडायची. कान धड असेल तर आतून पडसाद येतो आणि मशीन म्हणतं पास. पडसाद आला नाही तर बाळाला पुन्हा बोलवायचं. बहुतेकांच्या कानात जन्मवेळचं पाणी नाहीतर मळ असतो, ती दुसऱ्या खेपेला पास होतात. पण दुसऱ्या खेपेला यायला तर हवं! निम्मी यायचीच नाहीत. त्यांना फोन करकरून आणणं हे ताईचं काम. विभागात तिला सगळे 'फोनवाल्या ताई' म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

अर्ज दुसऱ्या एका दवाखान्यातून आला होता. मुलीच्या जन्मवेळच्या तपासणीच्या नोंदीची प्रत मिळावी. खाली आईची सही. सही भावजयीची होती.

ताईनं तो कागद चहाच्या सुट्टीपर्यंत तसाच हातात धरला. सोळा महिन्यांपूर्वीचं रजिस्टर वरच्या फळीवर होतं. 'सापडत नाही' एवढं लिहून अर्ज परत पाठवला असता तर कुणी विचारायला आलं नसतं. मागच्या वर्षी छत गळून अर्धी फळी भिजली होती, हे सगळ्या इस्पितळाला माहीत होतं. तरी तिनं स्टूल ओढलं, रजिस्टर काढलं, पान उघडलं, झेरॉक्स काढली आणि शिक्का मारला. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. चौदा वर्षं कागद हरवू न देण्याची हातांना सवय लागली होती, आणि हातांनी आपलं काम केलं.

पानावर ओळ होती ती अशी: दोन्ही कान, पुन्हा तपासणी. मग शेवटच्या रकान्यात निळ्या शाईनं, 'घरच्यांशी बोलणं झालं. पाठपुरावा पूर्ण.' आणि वाकलेल्या टाचणीसारखी एक सही, जी बाहेरच्या कुणाला वाचता आली नसती.

ती सही ताईची होती.

*

रविवारी दुपारी धाकट्या भावानं सगळ्यांना आईकडे गोळा केलं.

सगळे म्हणजे पाचच माणसं आणि चिमी. आई टेबलाच्या टोकाला. तिच्या डावीकडे ताई, उजवीकडे धाकटा आणि त्याची बायको, म्हणजे भावजय, चिमीची आई. मधला भाऊ खिडकीला पाठ लावून. तो कुठल्याही खोलीत शिरला की आधी खिडकी कुठं आहे ते बघायचा, उजेड मागून आणि सगळ्यांचे चेहरे समोर. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो पुस्तकांची बांधणी करायचा. चिमी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या बोटांवर वाळलेला गोंद खरवडून काढत होती. डाव्या हातानं, कारण उजव्या तळव्याला अजून पट्टी होती.

त्या पट्टीमुळेच सगळं उघडं पडलं होतं. भावजय शाळेचे गणवेश शिवायची. पंधरा दिवसांपूर्वी चड्ड्यांना इस्त्री करून ती टाचण्या आणायला वळली, आणि चिमी दुडदुडत इस्त्रीकडे निघाली. भावजय जिवाच्या आकांतानं ओरडली. खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. चिमीनं मान वळवली नाही. तळवा टेकला, मग रडली. जखम धुताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "तुम्ही ओरडलात तेव्हा ही थबकली कशी नाही?" तिथून एक तपासणी, मग दुसरी, झोपेत डोक्याला तारा लावून केलेली तिसरी. दोन्ही कान जवळजवळ पूर्ण बंद. जन्मापासून.

"वाचा," धाकट्यानं कागद टेबलावर आपटला. तो बस चालवायचा, आणि बोलणंही हॉर्न वाजवल्यासारखंच. "दोन्ही कान, पुन्हा तपासणी. आणि पुढं बघा. घरच्यांशी बोलणं झालं म्हणे! कुठल्या घरच्यांशी? माझ्याशी नाही, हिच्याशी नाही. मग काय भुताशी बोलली ती बाई?"

"बाईच कशावरून?" आई म्हणाली.

"बाई असो की बुवा. ज्यानं हे लिहिलं त्याला मी सोडत नाही. ताई, तू तिथंच बसतेस. ही सही कुणाची आहे तेवढं सांग, बाकी मी बघतो."

ताईनं तोंड उघडलं, पण त्याआधी टेबलाखाली आईचा हात तिच्या गुडघ्यावर येऊन बसला.

"अरे, हजार माणसं सह्या करतात तिथं," आई घाईनं म्हणाली. "तिला काय सगळ्यांच्या पाठ आहेत? झालं ते झालं. चिरफाड करून पोरीचे कान येणारेत का? आता पुढचं बघा."

"पुढचंच बघतोय. आधी तक्रार, मग पुढचं."

"कुणाची तक्रार करून कुणाचं भलं झालंय?"

"आई, तुला काय झालंय? तुझी नात आहे ती!"

भावजय मागं टेकून बसली होती. हात मांडीवर, बोटं एकमेकांत. ती कागदाकडे बघत नव्हती. ती ताईकडे बघत होती, कपड्याचा कुठला टाका सुटलाय हे शोधत असावी तशी.

"ताई, तुम्ही वाचलात का कागद?"

"वाचला."

"मग सांगा ना."

एवढंच. आवाज चढवला नाही. गुडघ्यावरचा आईचा हात घट्ट झाला, आणि ताईला कळलं, आपण आत्ता 'बघते मी चौकशी करून' असं म्हणालो तर निभेल. धाकटा मानेल. आई तर मानायला टपलीच आहे. आठ दिवसांत ती सही कुण्या बदलून गेलेल्या बाईच्या नावावर खपवता येईल. झाकली मूठ झाकलीच राहील.

"सही माझी आहे," ती म्हणाली.

धाकटा हसला. "काहीतरीच."

"माझीच आहे."

"ताई, चेष्टा नको करूस. आजचा दिवस चेष्टेचा नाही."

"मी शुक्रवारीच ओळखलं होतं," भावजय म्हणाली. "बाळंतपणात माझ्या औषधांच्या वेळा तुम्हीच लिहून दिल्या होत्या. 'पूर्ण'मधला तो ण. त्याची शेपटी एवढी लांब कुणीच काढत नाही. मला फक्त बघायचं होतं, तुम्ही बोलता का."

चिमीनं गोंदाचा एक पापुद्रा सोलून काढला आणि विजयी मुद्रेनं मधल्याला दाखवला.

*

ताईनं सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज फोनवरचा झाला, सपाट आणि स्वच्छ. शेकडो अनोळखी आयांशी ती याच आवाजात बोलली होती.

"चिमीची पहिली तपासणी झाली त्या दिवशी तुला ताप होता. पोटाला टाके होते. मशीनवालीनं चिठ्ठी आईच्या हातात दिली, पंधरा दिवसांनी पुन्हा आणा म्हणून. पंधरा दिवसांनी माझ्या यादीत चिमीचं नाव आलं. मी फोन केला नाही, तुमच्या घरीच आले, आई तेव्हा तुमच्याकडेच होती. आईला विचारलं. ती म्हणाली, सुनेला आत्ताच काही बोलू नकोस, अंगावर पाजतेय, धसक्यानं दूध आटेल. मी नेते गुपचूप."

"आणि नेलं नाही," भावजय म्हणाली.

"महिन्यानं मी परत विचारलं. आई म्हणाली, ऐकतंय की पोर. मी मागं ताट टाकून बघितलं, दचकली."

"दचकली होती!" आई एकदम म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

"फरशी हादरली की बहिरं बाळही दचकतं, आई. मी हे दिवसातून दहादा सांगते फोनवर. ताट वाजवून कान कळत नाहीत, टाळी वाजवून कळत नाहीत, तपासणीला या. परक्या माणसांना सांगते." ताई थांबली. "महिनाअखेर होती. बाकी राहिलेल्या बाळांचा आकडा शून्यावर आणायचा होता. रजिस्टर पुढं होतं. मी लिहून टाकलं."

धाकटा खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. मघाशी बहिणीच्या जोरावर इस्पितळाशी भांडायला निघालेला तो, आता कुणाशी भांडावं हेच त्याला कळेना.

"म्हणजे तू... तुला माहीत असून..."

"माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं माझं काम होतं. ते केलं नाही."

"तिच्या एकटीवर का घसरतोस?" आई म्हणाली, आणि लगेच पुढच्या वाक्यात तिनं बाजू बदलली. "मी तर तिला म्हटलंही होतं, तुला वाटत असेल तर तू ने. तीच म्हणाली, राहू दे, मी लिहून टाकते."

हे खरं होतं. अर्धं. उरलेलं अर्धं ताईनं सांगितलं नाही. माणूस बुडायला लागलं की जवळचं मिळेल ते धरतं, आणि आईच्या जवळ तीच होती.

टेबलावर दोनदा थाप पडली.

ती मधल्याची खूण. त्याला बोलायचं असलं की तो लाकूड ठोकायचा, सगळ्यांच्या कोपरांना ते कळायचं. त्यानं चिमीला अलगद तिच्या आईच्या मांडीवर दिलं आणि हात मोकळे केले. आईनं मान फिरवली. पण ताईला फिरवता येईना. सात वर्षांचा असताना तो बहिऱ्यांच्या शाळेत गेला तेव्हा तिथली भाषा त्याच्याबरोबर ताईच शिकली होती. त्याच्या आधी चार वर्षं घरच्यांनी त्याला हट्टी समजून हाका मारल्या, आणि बाबांनी तो 'ओ' देत नाही म्हणून त्याला मारलं होतं. आईला आणि धाकट्याला त्यातलं थोडंफार कळायचं, पण सगळे जमले की त्याचे हात काय म्हणाले ते तोंडानं सांगायचं ताईनंच.

"तो म्हणतोय..." ती म्हणाली. "मी आईला सांगितलं होतं. चिमी पाच महिन्यांची होती. दार उघडलं की ती उजेडाकडे बघते, आवाजाकडे नाही. ही माझ्यासारखी आहे, असं मी सांगितलं. आईनं माझे दोन्ही हात धरले आणि खाली दाबले."

आईनं डोळे मिटून घेतले.

मधला धाकट्याकडे वळला. ताईचा आवाज त्याच्या हातांमागून चालला. "तुलाही सांगितलं. दिवाणखान्यात, तू बूट घालत होतास. तू हसलास. म्हणालास, तुला काय, सगळं जगच बहिरं दिसतं."

"मी गंमतीनं म्हटलं होतं रे," धाकटा पुटपुटला. मधल्याला ते ओठांवरून कळलं असावं. त्यानं फक्त मान हलवली.

मग तो ताईकडे वळला. तिला वाटलं, हे आता आपल्यापुरतं ठेवता येईल. पण भावजय वाट बघत होती.

"आणि तुला..." ताई स्वतःच्याच तोंडानं स्वतःला सांगू लागली. "तुला नाही सांगितलं मी. कारण तुझं तर कामच ते. म्हटलं, ताई आहे ना. ताईला ठाऊकच असणार."

मधल्यानं हात टेबलावर उताणे ठेवले होते.

"म्हणजे," भावजय सावकाश म्हणाली, "मला सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं."

*

आई रडायला लागली. ती रडते तेव्हा या घरात सगळे उठून तिच्याभोवती जमतात, हा रिवाज. आज कुणी उठलं नाही.

"तुला नाही कळायचं," ती सुनेला म्हणाली. "ह्याच्या वेळी माझ्या सासूनं मला काय काय ऐकवलं. बहिरं पोर काढलंस म्हणाली. तुझ्याच रक्तात काहीतरी आहे म्हणाली. सोळा वर्षं जेवायला बसताना ऐकलंय मी ते. दवाखान्यातली ती बाई चिठ्ठी द्यायला लागली, तेव्हा माझ्यापुढं सासूच उभी राहिली. म्हटलं, हे पुन्हा नको. ह्या पोरीच्या वाट्याला तरी नको. चार दिवस तरी हिनं आनंदानं आई व्हावं."

"आई," भावजय म्हणाली, "माझ्या वाट्याचं होतं ते. मला देऊन तर बघायचं होतं."

"मी तुझ्यासाठीच..."

"तिसऱ्या महिन्यात कळलं असतं तर सहाव्या महिन्यात कानाला यंत्र लागलं असतं. असं डॉक्टर म्हणाले. आता यंत्र लावू, मग ऑपरेशनचं बघू, पण किती भरून निघेल ते सांगता येणार नाही, असंही म्हणाले. एक वर्षभर मी हिला गाणी म्हणून झोपवलं. ती काय बघत होती? माझं तोंड हलताना बघत होती." तिचा आवाज इथं पहिल्यांदा फुटला, पण ती थांबली नाही. "शिवणाच्या मशीनवर बसले की मी हिच्याशी बोलत राहायचे, पाठमोरी. मला वाटायचं, ऐकतेय शहाणी. तुम्ही सगळे येताजाता बघत होतात ना मला?"

धाकट्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

मग तिनं मधल्याकडे तोंड केलं, आणि मोठ्यानं नाही, पण ओठ नीट उघडून विचारलं, "भाऊजी, सगळ्यांना सांगितलंत. मला का नाही सांगितलंत?"

मधल्यानं ताईकडे बघितलं. मग उत्तर दिलं. लांबलचक नव्हतं.

"तो म्हणतोय, तुला माझी भाषा येत नाही," ताई म्हणाली. "तीन वर्षांत तू मला हातानं एकच गोष्ट विचारलीस. जेवलात का."

भावजयीचा चेहरा लाल झाला. तिनं खाली बघितलं. आपल्या वाट्याचं तिनं सबब न सांगता घेतलं.

"खरंय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "'थांब' कसं म्हणायचं?"

ताईनं ते मधल्याला सांगायला हात उचलले, पण त्याला कळलं होतं. त्यानं डावा तळवा उताणा धरला आणि उजव्या हाताची कड त्यावर खटकन उभी मारली. भावजयीनं करून बघितलं. चुकलं. त्यानं तिचं मनगट धरून हात सरळ केला. पुन्हा. तिसऱ्यांदा तिला जमलं. तिनं चिमीला मांडीवर आपल्याकडे वळवलं, तिचे डोळे आपल्या हातांवर येईपर्यंत वाट बघितली, आणि हात मारला.

थांब.

चिमीनं बघितलं, तिला तो खेळ वाटला, आणि ती खदखदून हसली.

भावजयीनं पुन्हा हात मारला. पुन्हा. पोर हसत राहिली आणि तिची आई रडत रडत तोच एक शब्द करत राहिली, आणि कुणीच तिला पुरे म्हटलं नाही.

उठताना तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. "मी तक्रार करणार नाही," ती म्हणाली. "तक्रार करून मी थकेन, तुम्ही सुटाल. पण हिच्या दवाखान्याचं, शाळेचं, कशाचंही या घरात यापुढं कुणी काही ठरवायचं नाही. भाऊजींनी रोज संध्याकाळी यावं, मला शिकवायला. आई, तुम्ही काही दिवस येऊ नका. ताई, तुम्ही तर नकोच."

धाकटा तिच्यामागून निघाला. दारात थांबून त्यानं बहिणीकडे बघितलं आणि मग जिना उतरला.

"तू बोलली नसतीस तर निभलं असतं," आई म्हणाली. कप तसेच पडले होते.

"निभलं असतं," ताई म्हणाली, "म्हणूनच भीती वाटली."

*

सोमवारी नोंदणीची खिडकी उघडायच्या आधी ताई विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेली आणि ते पान त्यांच्यापुढं ठेवलं. काय झालं ते सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "अशा किती नोंदी आहेत?"

"जाणूनबुजून लिहिलेली एकच. पण 'पूर्ण' म्हणून मिटवलेल्या आणि मागं तपासणीचा कागदच नाही, अशा दोन वर्षांत एकशे तेरा. मी काल रात्री चावी घेऊन इथं आले आणि मोजल्या. फोनवर कुणीतरी म्हणालं, दाखवलंय, ऐकू येतंय त्याला, आणि मी मानलं."

"का मानलंत?"

"महिनाअखेरीस बाकी शून्य दिसली पाहिजे, असा आदेश होता."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तो आदेश माझ्याच सहीचा होता," त्या शेवटी म्हणाल्या.

चौकशी झाली. ताईची बढती गेली, खिडकी गेली. फोनवर एक नवी मुलगी बसली आणि ताईला आतल्या खोलीत जुनी रजिस्टरं लावायला बसवलं. ती तक्रार करण्याच्या स्थितीत नव्हती. फक्त तिनं एक मागितलं: ती एकशे तेरा घरं मी शोधते. मॅडम हो म्हणाल्या, आणि सुट्टीच्या दिवशी ताई निघू लागली.

काहींनी दार लावून घेतलं. काही घरं सोडून गेली होती, शेजाऱ्यांनाही पत्ता नाही. बहुतेक मुलं ठणठणीत होती, तिला बघून आईमागं लपणारी, हाक मारली की 'ओ' देणारी. मग एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका तरुण बाईनं दार उघडलं. आत एक मुलगा भिंतीवर खडूनं गोल काढत होता. दोन-सव्वादोन वर्षांचा असेल.

"तो बोलतो का?" ताईनं विचारलं.

"बोलेल की. घरात सगळे उशिराच बोललेत. सासरे तर पाच वर्षांचे होते म्हणे." बाई जरा थांबली. "तुम्ही कोण?"

"इस्पितळातून आले. हा जन्मला तेव्हा तुम्हाला फोन केला होता, कानाच्या तपासणीला आणा म्हणून."

"मला? मला कुणाचाच फोन नाही आला."

"कुणीतरी पुरुष माणूस बोलला होता. म्हणाला, दाखवलंय, ऐकू येतंय त्याला."

बाईनं मागं वळून मुलाकडे बघितलं. हाक मारली. पुन्हा मारली. त्याचा खडू गोल फिरतच राहिला. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली नाही. ती उंबऱ्यातच खाली बसली, आणि ताईही तिच्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसली. सांगायला जे होतं ते तिनं त्या आईला सांगितलं, सगळं, तिच्या तोंडावर, आणि ती रडायची थांबेपर्यंत तिथून हलली नाही.

एकाहत्तर मुलं सापडली. त्यातली चार बहिरी निघाली.

मग मॅडमनी नियम बदलले. बाळाची आई घरी जाण्याआधी पुढची तारीख तिच्याच हातात द्यायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. सांगायचं ते आईला सांगायचं. तपासणीचा कागद चिकटवल्याशिवाय ओळ मिटवायची नाही, बाकी कितीही दिसो. आणि प्रत्येक बाळामागं दोन नंबर घ्यायचे. एक चुकला तर दुसरा. यातलं जवळजवळ सगळं ताईनं आतल्या खोलीत बसून एका जुन्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं होतं. नव्या फॉर्मवर तिचं नाव अर्थातच नव्हतं.

*

तीन महिन्यांनी चिमीच्या कानाला यंत्र बसवायचं ठरलं, आणि ते बसवणारी बाई याच इस्पितळात होती, दुसऱ्या मजल्यावर. भावजयीला यावंच लागलं.

ताई रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन बोळातून चालली होती. बाकावर दोघी दिसल्या. परतून जावं की पुढं, हे ठरायच्या आत भावजयीनं तिला बघितलं होतं. ती सरकली नाही, पण पिशवी बाकावरून उचलून खाली ठेवली. ताई बसली.

चिमीनं तिच्याकडे बघितलं, नव्या माणसाकडे बघतात तसं. तळव्यावर गुलाबी वळ राहिला होता. ती आईच्या गुडघ्याला चिकटली, मान वर केली आणि दोन बोटांनी हवेत काहीतरी केलं. भावजयीनं लगेच उत्तर दिलं. तिचे हात आता अडखळत नव्हते.

"काय म्हणाली?" ताईनं विचारलं. तिला कळलं होतं. तरी विचारलं.

"पाणी मागतेय," भावजय म्हणाली. "चौदा शब्द झाले. या वयाच्या मुलांना शंभर असतात."

नवी मुलगी फॉर्म घेऊन आली. भावजय गुडघ्यावर ठेवून भरत गेली. मुलीचं नाव, जन्मतारीख, आईचा नंबर. 'आणखी एक नंबर' या रकान्यापाशी पेन थांबलं. धाकटा बसवर असतो, गाडी चालवताना फोन घेता येत नाही. मधल्याला फोन करून उपयोग नाही. आईचं नाव तिनं मनातही घेतलं नसेल. तिनं पेन टेकवलं आणि भरभर आकडे लिहिले. न बघता, पाठ असल्यासारखे.

"तुमचा घातलाय," ती म्हणाली.

ताईनं रकान्यातले आकडे वाचले.

"माफ केलं म्हणून नाही."

"नाही, कळलं."

"हिची तारीख चुकेल या भीतीनं माझ्याइतकं घाबरणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणीच नाही आता. म्हणून."

दार उघडलं आणि आतून चिमीच्या नावाचा पुकारा झाला. चिमी खिडकीवरच्या कबुतराकडे बघत होती. भावजयीनं तिच्या खांद्याला बोट लावलं, ती वळल्यावर हातानं 'चल' म्हटलं, आणि दोघी आत गेल्या.

आत एकाच माणसाला सोडत होते. ताई मांडीवर गठ्ठा घेऊन बाकावर बसून राहिली.